घरपोच वर्ग

सोमवार, ४ सप्टेंबर

आजपासून मी विद्यार्थिनी. वय सहासष्ट, डोळ्यांना चष्मा, डाव्या गुडघ्याला पट्टा. वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे ज्यांना गुडघे नाहीत अशा लोकांसाठी काढलेला दिसतो. दारावर कागद: 'प्रौढांसाठी इतिहास, अर्थशास्त्र व साहित्य'. मला वाटलं, तीन विषय म्हणजे तीन प्राध्यापक. निघाला एकच. सोमवारी इतिहास, बुधवारी अर्थशास्त्र, शुक्रवारी साहित्य, आणि तिन्ही वारी बहुधा हाच कोट. वय चाळिशीचं. खडूचे हात केसांना पुसतो, त्यामुळे पन्नाशीचा दिसतो. सगळे त्याला 'सर' म्हणतात. मी न्यायाधीश सोडून कुणाला सर म्हटलेलं नाही.

नावं नोंदवलेले सतरा, आलेले सतरा. माझ्या डावीकडे निवृत्त दाताचे डॉक्टर. अजूनही समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघून बोलतात. उजवीकडे निवृत्त पोस्टमन, खुर्चीतसुद्धा पाय हलवत बसतात. मागे दोन बहिणी, दोघी मिळून एकच स्वेटर विणतात, थोरली पाठ आणि धाकटी पोट. मी त्यांना लोकरवाल्या म्हणणार आहे.

ओळख करून द्यायची होती. मी सांगितलं, "चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते."

"म्हणजे नेमकं काय करायचात?" सरांनी विचारलं.

"लोक खोटं बोलायचे, मी ते खरं उतरवून घ्यायचे."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका नदीवर एक नावाडी होता. नदीवर पूल झाला. उतारू यायचे बंद झाले. तरी हा रोज सकाळी रिकामी नाव पलीकडे नेतो आणि परत आणतो. का? प्रश्न विचारून माझ्याकडे बोट. "तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटण्याचा संबंधच काय? मी म्हटलं, "आतापर्यंतचं कामकाज वाचून दाखवू का?" आणि दाखवलं, पहिल्या 'नमस्कार'पासून. सगळे हसले. कंसात लिहून टाकलं: (हशा).

बुधवार, ६ सप्टेंबर

आज अर्थशास्त्र. पुन्हा तोच नावाडी! पुलाने त्याचा धंदा कसा बसला, वगैरे. शुक्रवारी साहित्यात त्याच्या मनात काय चाललंय ते बघणार आहेत. तीन विषय, एक नावाडी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर भूमितीला भूमितीचं उदाहरण द्यायच्या आणि इतिहासाला इतिहासाचं. कुणाचंही कुणाला उसनं नाही.

पण बोलतो बरा, हे मान्य केलं पाहिजे. दीड तासात मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

घरी येऊन सगळं टाइप करून काढलं. नऊ पानं. नणंदबाई शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, "वहिनी, तुमचं कोर्ट सुटून आठ वर्षं झाली ना?" त्या आयुष्यभर नर्स होत्या. रोग्याला झोपवायची सवय, जागं माणूस त्यांना बघवत नाही.

सोमवार, ११ सप्टेंबर

डॉक्टर शुक्रवारी आले नव्हते. त्या तासाची माझी पानं काल वाचायला घेऊन गेले होते ती आज परत केली. म्हणाले, "बाई, अहो काय हे! घरी आरामखुर्चीत बसलो होतो, पण वर्गात बसल्यासारखं वाटलं. खोकलासुद्धा आहे यात!"

"मग असणारच. पोस्टमन तीनदा खोकले होते."

"एवढं नीट तर मला तिथे बसूनही कळलं नसतं."

स्तुतीने मी पाघळत नाही. पण माणूस शिकलेला आहे, पारख आहे. खाली ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांसाठी झेरॉक्स काढून द्यायचं कबूल केलं. पोस्टमन तर उठूनच उभे राहिले. "वाटायचं काम माझ्याकडे! घरपोच देतो. ज्याचं त्याच्या हातात."

बुधवार, २० सप्टेंबर

पोस्टमनचा कायापालट झालाय. जुनी खांद्याची पिशवी धुऊन काढलीय, सायकलला तेल घातलंय. सगळ्या घरांचा क्रम त्यांनी असा लावलाय म्हणे की एकही चढ चढावा लागत नाही, सगळे उतारच. मी विचारलं, परत येताना? ते म्हणाले, "येताना हात रिकामे असतात, चढ लागत नाही." रोजच्या गोळ्यांपैकी एक बंद झाली म्हणून सकाळी सांगत होते. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच लोक त्यांची वाट बघतात.

आज हजर बारा. खोकल्याची साथ असावी.

बुधवार, ४ ऑक्टोबर

हजर नऊ! पोस्टमनही नाहीत, वाटपाला गेलेत. लोकांना शिकायची इच्छाच उरलेली नाही. फुकट मिळतं ना, मग किंमत नाही. चांगलं सांगायला माणूस आहे, ऐकायला कान नकोत? शुक्रवारच्या टिपणात शेवटी मी एक कडक परिच्छेद घातला होता, गैरहजर राहणाऱ्यांविषयी. तो वाचून तरी लाज वाटायला हवी होती. रस्त्यात थोरली लोकरवाली भेटली, तर म्हणते, "वाचला हं तुमचा परिच्छेद! किती छान लिहिता! आम्ही दोघी मोठ्याने वाचतो, विणता विणता."

वर्गाच्या मागच्या भिंतीला मोडक्या खुर्च्या आणून ठेवायला लागलेत. आज चार होत्या.

सोमवार, ९ ऑक्टोबर

सहा. मोडक्या खुर्च्या अकरा.

तास संपल्यावर सरांनी खिशातून पत्र काढलं. वरिष्ठ कार्यालयाचं. शुक्रवार, २७ तारखेला तपासनीस बाई येणार. दहापेक्षा कमी माणसं दिसली तर वर्ग बंद, खोली अडगळीच्या सामानाला. पत्र वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. खडूचा हात मात्र या वेळी केसांना नाही, पत्रालाच पुसला.

"त्याला आमचा इलाज नाही," ते म्हणाले.

मला राग येतो तो अशाच वाक्यांचा. सतराव्या वर्षी हेच वाक्य ऐकलं होतं. शाळेतल्या मदर स्वतः आमच्या घरी आल्या होत्या, पांढरे कपडे, चपला दारात नीट जोडून. बाबांना म्हणाल्या, हिला कॉलेजात घाला, इतिहास घेऊ द्या. बाबा म्हणाले, माझा इलाज नाही, लघुलेखनाच्या वर्गाला नाव घातलंय, सहा महिन्यांत नोकरी लागते. लागलीही, आधी एका कचेरीत, मग कोर्टात. वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण मी इथे खुर्च्यांची अडगळ बघायला नाव घातलेलं नाही. माझ्या वर्गाला कुणी कुलूप लावून दाखवावंच.

बुधवार, ११ ऑक्टोबर

पोस्टमन हळूच म्हणाले, "ताई, एक सुचतंय. तुमच्या टिपणात सगळ्यांची नावं हजर म्हणून घाला ना. तुमच्या कागदावर कोण शंका घेणार?"

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांची पिशवी खांद्यावरून घसरली. चौतीस वर्षांत मी एक स्वल्पविराम कुणाच्या बाजूने घातलेला नाही. एकदा एका मोठ्या वकिलाने गळ घातली होती, 'बहुतेक' हा एक शब्द तेवढा गाळा. मी त्यांची विनंतीसुद्धा रेकॉर्डवर घेतली होती.

"राहिलं," पोस्टमन म्हणाले. "मी आपलं तुमच्यासाठीच म्हणत होतो."

गुरुवार, १२ ऑक्टोबर

नणंदबाईंशी वाजलं. भाजी निवडत होत्या. मी आपली माणसांच्या आळसाविषयी बोलत होते. वर न बघता म्हणाल्या, "वहिनी, जेवणाचा डबा गरम गरम घरी येत असेल, तर खानावळीचा जिना कोण चढेल?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला, वन्सं?"

"म्हणजे वर्ग तुम्ही बंद पाडताय. तुम्ही आणि तो सायकलवाला."

"मी? अहो, एकही तास न चुकवणारी मी एकटी आहे!"

"तेच म्हणतेय. तुम्ही चुकवत नाही म्हणून बाकीच्यांचं भागतं."

मी उठून गेले. इंजेक्शन देणाऱ्या बाईला विद्येतलं काय कळणार?

रविवार, १५ ऑक्टोबर

तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही याची खात्री नाही, कारण त्या स्वतःच फारसं बोलत नाहीत.

समजा, निव्वळ वादापुरतं, त्या म्हणतात ते खरं धरलं. मग टिपणं बंद करायची? पोस्टमनला काय सांगू? गोळी परत चालू करा म्हणून? शिवाय टाइप करायचं नाही तर वर्गातून आल्यावर बुधवारची संध्याकाळ मी करायची काय?

आज शुक्रवारचं टाइप करायला बसले. पाच माणसं होती. सरांनी विचारलं होतं, नावाडी शहाणा की मूर्ख? कुणीच बोललं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, हे रेकॉर्डला बरं दिसत नाही. डॉक्टरांची खुर्ची रिकामी, मोडक्या खुर्च्यांत आता ती ओळखूही येत नाही. मला इतका संताप आला की मी कंस उघडला आणि लिहिलं:

(डॉक्टर गैरहजर. असते तर म्हणाले असते की नावाडी मूर्ख आहे, आणि ते चुकीचं ठरलं असतं.)

वाचून बघितलं. खोटं त्यात काही नाही. ते गैरहजर होते. असते तर हेच म्हणाले असते. मग ओघात पुढचंही लिहिलं:

(लोकरवाल्या बहिणी गैरहजर. थोरली 'बिचारा' म्हणाली असती. धाकटीने मान डोलावली असती.)

असं बाराही जणांना एकेक कंस दिला. पहिल्यांदाच टाइप करताना मान दुखली नाही.

बुधवार, १८ ऑक्टोबर

डॉक्टर आले! वर्ग सुरू व्हायच्या आधी, माझं पान हातात घेऊन, ओळीखाली लाल रेघ मारून.

"बाई, मी 'मूर्ख' म्हणालो नव्हतो."

"म्हणाला असतात."

"पण म्हणालो नव्हतो!"

"मग आता काय म्हणता?"

"मूर्खच आहे तो! ढळढळीत मूर्ख! पण मी तसं म्हणालो नव्हतो, हे लिहून घ्या!"

घेतलं. दीड तास बसून ते सरांशी भांडले. जाताना मला म्हणाले, "आणि ते चुकीचं का ठरलं असतं, ते शुक्रवारी सांगा."

माझ्या कडक शिस्तीचा परिणाम उशिरा का होईना दिसायला लागला.

सोमवार, २३ ऑक्टोबर

शुक्रवारी नऊ होते, आज अकरा. धाकटी लोकरवाली एकटीच जिना चढून आली, लाल होऊन. "मी तिच्या मागे मान डोलावते असं सगळ्या गावाला कळवलंत तुम्ही! पंचावन्न वर्षांत मी एकदाही मान डोलावलेली नाही!" तिच्या पाठोपाठ थोरली आली. तिला वाटत होतं, ही नेहमीच डोलावते. मागच्या रांगेत बसून दोघींनी हळू आवाजात जे सुरू केलं ते सरांचा तास संपला तरी संपलं नव्हतं. स्वेटरच्या लोकरीचे दोन वेगळे गुंडे झाले आहेत.

पोस्टमन सांगत होते, लोक आता दारातच पान वाचतात आणि त्यांच्यावरच ओरडतात. "ताई, नोकरीत असताना कुत्री अंगावर यायची. आता माणसं येतात. मजा येते."

ते स्वतःही आज तासाला बसले. म्हणाले, वाटप उद्या. त्यांच्याविषयी मी लिहिलं होतं, (असते तर पाय हलवत बसले असते आणि काहीच म्हणाले नसते). ते काहीच म्हणाले नाहीत. पण पाय मात्र मुद्दाम हलवला नाही, मी बघत होते.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

सगळं नीट क्रमाने लिहिलं पाहिजे.

तपासनीस बाई बरोबर वेळेवर आल्या. बारीक, करड्या केसांच्या, गळ्यात दोरीला चष्मा. मागच्या भिंतीशी, मोडक्या खुर्च्यांतल्या त्यातल्या त्यात धडक्या खुर्चीत बसल्या, आणि डोकी मोजायला लागल्या. मीही मोजत होते. सात. सरांनी फळ्यावर 'नावाडी' लिहिलं आणि खडू खाली पडला.

मग जिन्यावर आवाज. डॉक्टर, त्यांच्या मागे चौघं, सगळ्यांच्या हातात माझी पानं. बारा झाले. पाचच मिनिटांत पोस्टमन दोघांना जवळजवळ ढकलतच घेऊन आले. पंधरा. तपासनीस बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता उठतील. आकडा मिळाला, काम झालं. पण डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं.

"आधी माझी हरकत नोंदवा! बुधवारच्या टिपणात माझ्या तोंडी पुन्हा—"

"तुम्ही खाली बसा, आधी आमचं!" धाकटी म्हणाली. "आमची ताई म्हणते नावाडी बिचारा. मी म्हणते तो लबाड आहे. घरातलं काम चुकवायला रोज नदीवर जातो!"

"लबाड?" थोरली म्हणाली. "तुला काय माहीत लबाडी, तुझं सगळं मी करते!"

"अहो, अर्थशास्त्राने बघा," डॉक्टर ओरडले. "उतारू नाही, उत्पन्न नाही, श्रम मात्र आहेत. याला मूर्ख नाही तर काय म्हणायचं?"

सर दोन्ही हात वर करून उभे होते, पण सुखात दिसत होते. तपासनीस बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी विचारलं, "ही टिपणं कोण लिहितं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अशी एकमुखी साक्ष मी कोर्टातही कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर माझ्याकडे वळले. आणि दातांकडे नाही, डोळ्यांत बघून म्हणाले, "बाई, तुम्ही बारा लोकांच्या तोंडात शब्द घातलेत. एक कंस स्वतःसाठी का नाही उघडला? तुमचं म्हणणं काय? की तुम्हाला म्हणणंच नाही?"

मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. गुडघ्याने कर्र केलं, ते सगळ्यांनी ऐकलं असणार. आणि मग मी बोलले. बरंच बोलले. पूल लोकांसाठी झाला, नदी त्याच्याकडून कुणी काढून घेतलीय का, असं काहीतरी होतं. वल्हवता येतं त्याने रोज एकदा तरी वल्हवावं, नाहीतर हात विसरतात, असंही. डॉक्टरांना मी काहीतरी म्हणाले, त्यावर हशा झाला. पुढचं नीट आठवत नाही. चौतीस वर्षांत एक जबानी माझ्या हातून निसटली, आणि ती माझीच.

मी खाली बसले. तपासनीस बाई त्यांच्या जागेवरून म्हणाल्या, "पण मला वाटतं—" आणि एकदम थांबल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, कागद आवरले. दारातून परत वळून सरांना विचारलं, "या नावाड्याचं पुढे काय होतं?"

"ते सोमवारी," सर म्हणाले.

शनिवार, ४ नोव्हेंबर

काल पत्र आलं. वर्ग चालू. खुर्च्या उचलायला माणसं येणार. सर खालच्या दारापाशी भेटले, पत्र तीनदा वाचून दाखवलं आणि खडूचा हात माझ्या खांद्याला लागला. नवी साडी होती. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले. म्हणाले, "अभिनंदन, सर."

पत्रात एक अट आहे. टिपणं एकाच व्यक्तीने घ्यायची नाहीत, पाळीपाळीने सगळ्यांनी घ्यायची, आणि घरपोच द्यायची नाहीत. हा सरळ माझ्यावर अविश्वास आहे. मी चार पानी हरकत तयार करायला घेतली आहे. पोस्टमनला वाईट वाटेल म्हणून मी स्वतः सांगायला गेले, तर त्यांच्याकडे नवीन योजना तयार! दर वर्गाच्या दिवशी साडेचारला सायकलवरून सगळ्या घरांसमोर घंटी वाजवणार, लोकांना घेऊन येणार. "टपाल नाही तर नाही, माणसं पोचवीन. उतारावर माणसंही बरी चालतात."

पहिली पाळी डॉक्टरांची. त्यांनी मागच्या शुक्रवारचंच, म्हणजे तपासणीच्या दिवसाचं टिपण आठवणीने लिहून काढलं, आणि आज नियम धाब्यावर बसवून पोस्टमनच्या हाती घरी पाठवलं. अक्षर असं की भूल दिल्याशिवाय वाचता येऊ नये. माझं आख्खं बोलणं त्यात आहे. 'हात विसरतात' याच्या जागी 'हात दुखतात' लिहिलंय. नावाडी 'रोज' जातो, यांनी 'अधूनमधून' केलंय. 'मूर्ख' हा शब्द मी त्यांना उद्देशून वापरला होता म्हणे, तोही त्यांनी प्रामाणिकपणे घातलाय, पण चुकीच्या वाक्यात. आणि शेवटी कंस: (इथे बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.)

नणंदबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. पहिल्यांदाच त्यांनी काही टोमणा मारला नाही. नुसतं विचारलं, "सोमवारी किती वाजता निघणार?"

सात चुका आहेत. मी सोमवारी अर्धा तास आधी जाणार आहे. बाकी सहा चुका एक वेळ सोडून देईन, पण चष्म्यावर धूळ होती, हे रेकॉर्डवर आलंच पाहिजे.